आईच्या साड्यांची गोधडी : थर सरकू नयेत म्हणून

जुन्या मऊ साड्यांचे थर शिवताना सरकतात आणि मधेच चुण्या पडतात. आमच्या ठाण्याच्या घरात हॉलमधली फरशीच कामी आली.

१. सहावारी मधोमध दुमडली की साधारण नऊ फूट लांब होते. खालचा थर फरशीच्या रेघेला लावून ताणा, कडा कागदी चिकटपट्टीने फरशीलाच चिकटवा.
२. बाकीचे थर एकेक करून, तळहाताने मधून कडेकडे सारत पसरा.
३. उठून दिसेल अशा रंगाच्या दोऱ्याने मधून बाहेर, वीतभर अंतरावर लांब कच्चे टाके घाला. मग पट्टी काढून मांडीवर घेऊन धावदोरा घाला. शेवटी कच्चे टाके उसवा.

आईशी माझं शेवटपर्यंत धड जमलं नाही. आमच्या मोठ्या भांडणाच्या दिवशी तिने नेसलेली मोरपंखी साडी मला वर बघवेना, टाकवेना. ती आतल्या थरात घातली. तुमच्याकडेही अशी एखादी असेल तर आतच घाला, ऊब तेवढीच मिळते.

मात्र आधी प्रत्येक साडीचा कोपरा ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून बघा. रंग लागला तर ती साडी वेगळी धुवा, फडकं कोरं निघेपर्यंत.