शिंकेच्या आधी आवळा: फोनवरून शिकलेला ओटीपोटाचा व्यायाम

केज तालुक्यातल्या एका गावात मी ब्लाउज शिवते. तीन बाळंतपणं, तिन्ही नॉर्मल. चाळिशी उलटली आणि शिंकलं, खोकलं, घागर उचलली की लघवी सुटायला लागली. फोडणीत मिरची पडली की ठसका यायच्या आधीच मी मांड्या आवळून उभी. येरमाळ्याला येडेश्वरीच्या पायऱ्या चढणं सोडलं, घरात सांगितलं गुडघे दुखतात. गुडघ्यांना काहीच झालं नव्हतं.

शेजारीण म्हणाली, पिशवी काढून टाक. बीड जिल्ह्यात हा सल्ला न मागता मिळतो. ऊसतोड बायांच्या पिशव्या इतक्या निघाल्या की २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पण पिशवी काढली म्हणून लघवी सुटायची थांबत नाही. पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत खालून झोळीसारखे स्नायू ताणलेले असतात. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय यांचा भार त्या झोळीवर. ती सैल पडली की पोटावर जोर आल्याबरोबर गळतं. तिला ताकद आणायचे व्यायाम आहेत. अर्नोल्ड केगल या अमेरिकी डॉक्टरांनी ते १९४८ साली मांडले, म्हणून केगल म्हणतात. योगातला मूलबंध त्याच जातीचा.

शिकवणाऱ्या फिजिओ मॅडम छत्रपती संभाजीनगरच्या. एसटीत बायांना तिकीट अर्धं झालं, पण दिवस अख्खाच जातो, आणि वाटेतल्या स्टँडवरच्या मुताऱ्यांचं नाव न काढलेलं बरं. एकदा जाऊन आले, बाकी सगळं व्हिडिओ कॉलवर.

ती एक भेट मात्र चुकवू नका. तिथं जमत नसेल तर जवळच्या बाई डॉक्टरांना दाखवा. आतून तपासणी, लघवीची तपासणी, साखर. लघवीत रक्त, ताप आणि जळजळ, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जाणं, लघवी अडकणं, मांड्यांमधली जागा बधिर होणं, यातलं काही असेल तर व्यायामाचं नंतर बघा, आधी दवाखाना गाठा. अंग बाहेर येत असेल तर किती येतं हे डॉक्टरांनीच बघायला हवं. थोडं असेल तर व्यायामानं फरक पडतो, जास्त असेल तर आत बसवायची रिंग किंवा ऑपरेशन लागतं.

आता फोन. मॅडमना झोळी दिसत नाही आणि दाखवायचीही नाही. कपडे काढायचे नाहीत. कुणी कॅमेऱ्यासमोर काढायला सांगितलं तर कॉल कापा. कॉल रेकॉर्ड होणार नाही हेही आधीच विचारून घ्या. त्यांना बघायचं असतं तुमचं पोट, छाती, कुल्हे आणि चेहरा. म्हणून फोन बाजूला, जमिनीपासून वीतभर उंच. मी पिठाच्या डब्याला टेकवते आणि खाली कात्रीचा अडसर देते, नाहीतर ऐन वेळी फोन पालथा. साडीऐवजी सलवार घाला, निऱ्यांखाली पोट हललेलं कळत नाही. आमच्याकडे संध्याकाळी रेंज अडकते, म्हणून मी दुपारी अडीचची वेळ घेतली. इअरफोन लावला की मॅडमचं बोलणं ओसरीवर जात नाही. आपलं जातंच. आत्याबाईंनी दार वाजवलं, "काय करूलालीस गं दार लावून?" कंबरेचा व्यायाम, म्हणाले. फार खोटं नव्हतं.

उताणं झोपा, गुडघे वर. चारचौघांत वारा अडवतो तसं मागचं आवळा, लघवी अडवतो तसं पुढचं, आणि दोन्ही मिळून आत, वर ओढा. मॅडम म्हणाल्या, विहिरीतून पाणी शेंदतो तसं. सोडताना दोर हातातून सुटू द्यायचा नाही, बादली सावकाश उतरवायची. मग पूर्ण ढिलं सोडायचं. हे ढिलं सोडणं बाया विसरतात.

पहिल्या कॉलवर मी सगळंच आवळलं. पोट, कुल्हे, दातसुद्धा. "ताई, श्वास कुठं ठेवलात?" त्यांना माझ्या मानेच्या शिरा दिसल्या होत्या. त्यावरचा उपाय म्हणजे आकडे मोठ्यानं मोजायचे. बोलत असलं की श्वास कोंडता येत नाही.

नीट जमतंय का हे स्वतःच तपासायचं. हात स्वच्छ धुऊन एक बोट योनीत घाला आणि आवळा. बोटाला पकड जाणवली आणि ते आत ओढलं गेलं तर बरोबर. बाहेर ढकललं गेलं तर तुम्ही कुंथताय. तसंच दामटू नका, पुढच्या कॉलला सांगा. मला ते सांगायला दोन कॉल गेले, शब्दच फुटेना. शेवटी मेसेज टाकला. आतलं मॅडमना दिसत नाही, ते तुम्ही सांगाल तेवढंच त्यांना कळणार.

सुरुवातीला तीनपर्यंत मोजून आवळा, तेवढाच वेळ ढिलं. असं आठ वेळा, दिवसातून तीनदा. जमेल तसं दहापर्यंत न्या. शेवटी आठ-दहा वेळा पटकन आवळा, पटकन सोडा. झोपून जमलं की बसून, मग उभ्यानं. किमान तीन महिने धरून चाला. मला सातव्या आठवड्यात फरक कळला, त्याआधी दोनदा सोडून द्यायचं मनात आलं होतं.

माझी एक चूक तुम्ही करू नका. कुणाचंतरी ऐकून मी आठवडाभर लघवी करता करता मध्येच थांबवून व्यायाम केला. त्यानं लघवी पूर्ण होत नाही, आत उरते. मॅडम चांगल्याच रागावल्या.

आणि आवळल्यावर दुखत असेल, संबंधाच्या वेळी दुखत असेल, तर हा व्यायाम स्वतःहून करूच नका. काहींचे हे स्नायू सैल नसतात, उलट ताठलेले असतात. त्यांना ढिलं सोडायला शिकावं लागतं, आवळून त्रास वाढतो.

सगळ्यात उपयोगी पडली ती युक्ती: शिंक, ठसका, घागर, यांच्या आधी एक क्षण आवळायचं. सुरुवातीला शिंक जिंकते. मी मिरच्या कांडताना सराव केला, त्या दिवशी ठसक्यांना तोटा नसतो.

तीन दिवस वही ठेवा: किती प्यायलं, किती वेळा गेलं, कधी सुटलं. माझ्या वहीत चहाच सहा कप निघाला, तो तीनवर आणला. पाणी मात्र तोडू नका. मी तेच करत होते, तर लघवी पिवळीजर्द, जळजळीत, वर बद्धकोष्ठ. कुंथण्यानं झोळीवर आणखी भार येतो. घरात कमोड असेल तर पायाखाली पाट घ्या.

आता मॅडमचा कॉल महिन्यातून एकदा असतो. रोजचा व्यायाम मशीनवर बसूनच होतो: बॉबिन भरायला घेतली की आवळणं-सोडणं सुरू, भरली की बस. गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं, त्याला पत्ता लागत नाही. फक्त आकडे आता मनात मोजते.