घरच्या नेटवर्कवरचा कॉम्प्युटर कोणत्या साइट उघडतो, हे कसं पाहायचं

ब्राउझरमध्ये साइटचं नाव टाकलं की कॉम्प्युटर सर्वात आधी त्या नावाचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा आकडी पत्ता) विचारतो. ही चौकशी डीएनएस सर्व्हरकडे जाते. तो सर्व्हर घरात, आपल्या ताब्यात असला, तर कोणत्या कॉम्प्युटरने किती वाजता कोणतं नाव विचारलं याची नोंद मिळते. बरेच जण आधी राउटरचा सिस्टम लॉग उघडतात, पण घरगुती राउटरच्या त्या पानावर बहुधा कोण जोडलं गेलं आणि लाइन कधी तुटली एवढंच असतं.

या नोंदीत काय मिळणार नाही, तेही आधीच समजून घ्या. आता जवळपास सगळ्या साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे कूटबद्ध जोडणीवर चालतात. त्यामुळे यूट्यूब उघडलं हे कळेल, कोणता व्हिडिओ पाहिला हे कळणार नाही. गूगलवर काय शोधलं तेही नाही. ते ब्राउझरच्या हिस्टरीत असतं आणि हिस्टरी एका क्लिकमध्ये पुसता येते. डीएनएसची नोंद मात्र इन्कॉग्निटो विंडोतून साइट उघडली तरी होते.

ज्याच्या कॉम्प्युटरवर लक्ष ठेवायचं आहे त्याला ते सांगा. घरातल्या प्रौढ माणसाच्या बाबतीत त्याची संमतीच हवी. मुलांनाही ठाऊक असलेलं बरं, कारण चोरून पाहिलेल्या नोंदीवर नंतर मोकळेपणाने बोलता येत नाही.

जोडणी

यासाठी रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर आणि त्यावर डीएनएस सर्व्हर म्हणून चालणारं पाय-होल हे मोफत सॉफ्टवेअर चांगलं. ५१२ एमबी रॅम पुरते, पण लॅन केबलचं पोर्ट असलेलं मॉडेल घ्या. वायफाय डगमगलं की डीएनएसही डगमगतो. ८ जीबी किंवा मोठ्या मेमरी कार्डवर रास्पबेरी पाय इमेजर या सॉफ्टवेअरने ओएसची ‘लाइट’ आवृत्ती टाका. त्याच वेळी सेटिंगमध्ये युजरनेम, पासवर्ड भरा आणि एसएसएच (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पाय हाताळण्याची सोय) चालू करा.

पाय केबलने राउटरला जोडा. राउटरच्या डीएचसीपी (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या) पानावर ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’मध्ये जाऊन त्याच्यासाठी एक पत्ता राखून ठेवा, समजा १९२.१६८.१.१०. पाय एकदा रीस्टार्ट करा आणि मगच पाय-होल बसवा. उलट क्रमाने केलं तर पत्ता बदलतो आणि चौकशा रिकाम्या जागी जातात. बसवताना ब्लॉकलिस्ट (अडवायच्या नावांची यादी) हवी का असं विचारलं जातं. फक्त नोंद पाहायची असेल तर नाही म्हणा, नाहीतर एखादी साइट अर्धवट उघडली की दोष कुठे आहे ते शोधत बसावं लागतं. क्वेरी लॉगिंग (चौकशांची नोंद) चालू ठेवा आणि प्रायव्हसीच्या पातळ्यांपैकी सगळं दाखवणारी निवडा. शेवटी पडद्यावर पाय-होलच्या वेब पानाचा पासवर्ड येतो, तो लिहून ठेवा.

एकाच कॉम्प्युटरची नोंद हवी असेल तर बदल फक्त त्याच्यावर करा. इतरांचे फोन नोंदीत येत नाहीत आणि पाय बंद पडला तरी बाकीच्या घराचं इंटरनेट चालू राहतं. विंडोज ११ मध्ये नेटवर्कच्या सेटिंगमधून चालू जोडणीचे हार्डवेअर तपशील उघडा, डीएनएस सर्व्हर मॅन्युअल करा आणि आयपीव्ही४ खाली पायचा पत्ता भरा. तो कॉम्प्युटर वापरणाऱ्याकडे अ‍ॅडमिन खातं असेल तर तो हे बदलू शकतो. मुलाला साधं खातं द्या.

सगळ्या घराची नोंद हवी असेल तर पायचा पत्ता राउटरच्या लॅन (घरातलं नेटवर्क) किंवा डीएचसीपी पानावर भरा, वॅन (बाहेरची इंटरनेट जोडणी) पानावर नाही. वॅनवर भरला तर सगळ्या चौकशा राउटरच्याच नावाने दिसतात आणि कोणता कॉम्प्युटर ते कळत नाही.

दुसऱ्या डीएनएसची जागा रिकामी ठेवा. सर्वाधिक घोटाळा इथेच होतो. तिथे ८.८.८.८ (गूगलचा डीएनएस) सारखा पत्ता असला तर तो राखीव म्हणून थांबून राहत नाही. कॉम्प्युटर अधूनमधून तिकडेही विचारतो आणि नोंदीत भोकं पडतात. आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) चंही तसंच: राउटर त्यावरून स्वतःचा डीएनएस परस्पर जाहीर करतो. पायचा आयपीव्ही६ पत्ता तिथे भरा, नाहीतर त्या कॉम्प्युटरवर आयपीव्ही६ बंद करा.

आता कॉम्प्युटर रीस्टार्ट करून कधी न उघडलेली साइट उघडा. काही सेकंदांत पाय-होलच्या वेब पानावरच्या क्वेरी लॉगमध्ये तिचं नाव दिसलं पाहिजे.

नोंद वाचताना

एक बातमीचं पान उघडलं तरी जाहिराती, फॉन्ट, मोजणी करणाऱ्या सेवा मिळून डझनावारी नावं उमटतात. विंडोज आणि अँटीव्हायरस स्वतःच्या अपडेटसाठी दिवसभर विचारत राहतात, कुणी समोर बसलेलं नसलं तरी. ब्राउझर काही दुव्यांची नावं क्लिक होण्याआधीच विचारून ठेवतो. म्हणून एकच विचित्र नाव दिसलं की लगेच जाब विचारू नका. आधीच्या-नंतरच्या १० सेकंदांतल्या ओळी पाहा. त्या साइटची चित्रं आणि इतर भाग पुरवणारी नावं सोबत आली असतील, तर साइट उघडली असण्याची शक्यता जास्त. एकटंच नाव आलं असेल तर ते बहुधा एखाद्या जाहिरातीतून आलेलं असतं.

संख्येवरून वेळही काढू नका. कॉम्प्युटर उत्तर काही काळ स्वतःजवळ साठवतो आणि तेवढ्यात पुन्हा विचारत नाही. त्यामुळे तासभर वाचलेल्या साइटची एकच ओळ असू शकते.

कॉम्प्युटर दोन तास वापरात आहे आणि नोंद जवळपास कोरी आहे, असं दिसलं तर क्रमाने तपासा. आधी ब्राउझरचं ‘सिक्युअर डीएनएस’ पाहा. ते चालू असेल तर चौकशा ४४३ पोर्टवरून कूटबद्ध होऊन थेट बाहेर जातात आणि पायला दिसतच नाहीत. फायरफॉक्स आपणहून हे करत असेल तर पाय-होल त्याला थांबायला सांगतं, पण वापरणाऱ्याने हाताने चालू केलं असेल तर ते जुमानत नाही. मग व्हीपीएन (सगळी वाहतूक कूटबद्ध करून दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणारी सेवा) पाहा. त्याचा पुरावा म्हणजे सुरुवातीला त्या सेवेचं एक नाव आणि त्यानंतर शांतता. दोन्ही नसेल तर कॉम्प्युटर कोणत्या वायफायला जोडलेला आहे ते बघा. फोनच्या हॉटस्पॉटवर असेल तर त्याची एकही चौकशी घरच्या राउटरपर्यंत येत नाही.