पिकअपला मोठे टायर टाकताय? रिम जुनीच ठेवणार असाल तर हे बघा

आधी रिमची रुंदी बघा, टायर कसा दिसतो ते नंतर. समजा गाडीला २६५/७० आर १७ (रुंदी २६५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के, रिम १७ इंची) आहेत आणि तुम्हाला २८५/७० आर १७ टाकायचेत, तर या साइजला रिम साधारण ७.५ ते ९ इंच रुंद लागते, कंपनीची रिम ७ इंची असेल तर विषय तिथेच संपला. उंचीत फरक साधारण २८ मिमी, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मीच, म्हणजे १४ मिमी! लोक उगाच फार अपेक्षा ठेवतात.

खरी गंमत घासण्याची. रिम तीच म्हणजे ऑफसेट (रिमच्या मध्यापासून चाक बोल्ट होतं ती जागा किती आत-बाहेर) तोच, त्यामुळे टायर १० मिमी बाहेर येतो तसा १० मिमी आतही सरकतो, सस्पेंशनच्या आर्मकडे. म्हणून आधी पुढे दोनच टायर बसवून स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा, रिव्हर्समध्येसुद्धा, आणि एक चाक उंचवट्यावर चढवून परत बघा, कारण सपाट जागेवर न घासणारा टायर खड्ड्यात बरोबर मडफ्लॅपला लागतो. प्लास्टिकवर काळा चकचकीत पट्टा दिसला की समजायचं.

स्पीडोमीटर आता कमी दाखवणार, काट्यावर १०० तर खरा वेग जवळपास १०३-१०४. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा) मात्र मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका, माल भरायची गाडी आहे ती. आणि स्टेपनी त्याच साइजची घ्या, फोर बाय फोरमध्ये तर नक्कीच.