गोमुखला निघालात? ठाणेकरांनो, या चुका टाळा

गंगोत्री हिमनदीची दरी आणि तिचं तोंड, म्हणजे गोमुख, बघायला जाणाऱ्यांची पहिली चूक ठाण्यातच होते, कॅलेंडरपुढे बसून. चार दिवसांची रजा, मागेपुढे शनिवार-रविवार, की झालं गोमुख! आमची पहिली फेरी अशीच बसवली होती. हरिद्वारहून पहाटे निघालो, रात्री गंगोत्री गाठली आणि सकाळी सहाला चालायला लागलो. नऊ किलोमीटरवरच्या चीडबासाला पोचेस्तोवर आत्येभावाचं डोकं ठणकायला लागलं. "उपाशीपोटी चहा घेतला ना, पित्त झालंय," म्हणत त्याने गोळी घेतली. भोजबासाला संध्याकाळी खिचडीच्या नुसत्या वासाने त्याला उमळून आलं. ते पित्त नव्हतं, उंची लागली होती. गोमुख चार किलोमीटरवर राहिलं आणि दुसऱ्या दिवशी मी त्याला घेऊन खाली उतरलो. गंगोत्रीच्या बाजारात पोचल्यावर हाच गडी आलू पराठे मागवत होता.

आपण राहतो समुद्राच्या पातळीला. गोमुख आहे सुमारे ४,००० मीटरवर. तिथे हवेचा दाब इथल्यापेक्षा साधारण चाळीस टक्क्यांनी कमी, म्हणजे दर श्वासाला प्राणवायूही तितकाच कमी. "मी दर रविवारी येऊर चढतो" हे तिथे चालत नाही. उलट दमसास चांगला असलेले लोक भराभर पुढे जातात आणि तेच आधी आडवे होतात. येऊरने पाय तयार होतात, रक्त नाही. त्याला दिवसच द्यावे लागतात. एक मुक्काम उत्तरकाशीला, एक हर्सिलला, मग गंगोत्रीत दोन रात्री, असं बसवा. डोकं दुखतंय तोवर आणखी वर चढू नका. उलट्या, झोकांड्या किंवा बसल्या जागी धाप सुरू झाली तर वाट न बघता माणसाला खाली आणा. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यायची की नाही ते निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा, सल्फाची अॅलर्जी असेल तर तेही सांगा. शेजाऱ्याने दिली म्हणून घेऊ नका.

दुसरी चूक परवान्याची. दिवसाला १५० माणसांनाच सोडतात. मे-जूनमध्ये गंगोत्रीत पोचून "बघू" म्हणाल, तर चौकीवरूनच परत फिराल.

कपड्यांचं थोडक्यात सांगतो. सुती टी-शर्ट घामाने भिजला की वाळत नाही, आणि भोजबासाचा वारा त्यातून आरपार जातो. बूट नवे नकोत, ते महिनाभर आधी मुंब्रादेवीच्या पायऱ्यांवर झिजवा.

वेळेचं मात्र नीट ऐका. चीडबासाच्या पुढे डोंगराचा उतार भुसभुशीत आहे, वरून दगड सुटतात. तिथे सेल्फी नाही, डबा उघडणं नाही, वर नजर ठेवून पार व्हायचं. दुपारी ऊन तापलं की बर्फ वितळतं आणि सकाळी उडी मारून ओलांडलेला ओढा परतताना गुडघ्याला लागतो. म्हणून लवकर निघा.

आणि पांढरंशुभ्र काहीतरी दिसेल ही अपेक्षा घरी ठेवा. हिमनदी अंगावर दगडमाती वाहून आणते, त्यामुळे लांबून तो चक्क खडीचा ढीग वाटतो. दुसऱ्या फेरीत आमच्यातला एक जण त्याच्यासमोर उभा राहून "गोमुख कुठाय?" विचारत होता. तुटलेल्या कड्यापाशी निळसर काचेसारखा थर दिसला तेव्हा त्याची बोलती बंद झाली. तोंडाशी मात्र जाऊ नका, बर्फाचे कडे न सांगता कोसळतात. हिमनदी मागे सरकत असल्याने जुने व्हिडिओ बघून वाट ठरवणंही फसवं. तिथल्या माणसाने आखलेली हद्द पाळा आणि मान वर करून शिवलिंग शिखर बघा. सकाळचं ऊन त्याच्यावर पडलं की बाकी सगळं विसरायला होतं.

गंगाजलासाठीही तोंडापर्यंत जायची गरज नाही, खाली भोजबासाला नदीच्या काठाला तेच पाणी असतं. त्या दुसऱ्या फेरीत मी तिथेच बाटली भरली. ठाण्याला येईपर्यंत तळाशी बोटभर राखाडी गाळ बसला होता, हिमनदीने दळलेल्या दगडाचं पीठ. आईने वरचं नितळ पाणी देवघरातल्या गडूत ओतलं आणि तळाचा गाळ तुळशीला घातला.