शाश्वत आहार शिकवताना या चुका टाळा

शाश्वत आहार म्हणजे निसर्गावर ताण न टाकता, वाया न घालवता, जवळचं आणि हंगामातलं खाणं. ते शिकवताना पोषणशास्त्राच्या मुलांना ‘अन्न किती वाया जातं ते मोजा’ म्हणून मेसमध्ये पाठवलं की बहुतेक तुकड्या एकच चूक करतात. खरकट्याची बादली उचलायची आणि थेट काट्यावर ठेवायची. त्या बादलीत बांगड्याची डोकी, काटे, शेवग्याचा चोथा, आमसुलं, आमटी आणि ताट विसळलेलं पाणीसुद्धा असतं. समजा, 60 ताटांमागे 9 किलो भरले. लगेच फलकावर आकडा लागतो: माणशी 150 ग्रॅम अन्न वाया. मेसवाला तो वाचून दुसऱ्या दिवशी तांदूळ कमी घालतो आणि शेवटच्या पंगतीला भात पुरत नाही. तीच बादली निवडली असती, तर 4 किलो काटे-चोथा आणि 2 किलो पाणी बाजूला निघालं असतं. खाण्याजोगं उरलं असतं 3 किलो, म्हणजे माणशी 50 ग्रॅम.

म्हणून ताटांसाठी तीन बादल्या ठेवा: काटे-चोथा, भात आणि बाकीचं. रिकाम्या बादल्या आधी तोला, पातळ पदार्थ चाळणीवर निथळू द्या. भात शिजून अडीच-तीन पट होतो, तेव्हा 3 किलो उष्टा भात म्हणजे किलो-सव्वा किलो तांदूळ, हे गणित मुलांकडूनच करून घ्या. पातेल्यात उरलेलं ताटातल्यात मिसळू नका. पातेल्यातलं उरतं ते अंदाज चुकल्याने, ताटातलं वाढण्यातल्या चुकीने, आणि दोन्हींवरचे उपाय वेगळे. निदान सलग सात दिवस मोजा. एका दिवसात उरकलेला प्रकल्प मी तरी स्वीकारू नये असंच म्हणेन, कारण बुधवारचं मासळीचं ताट आणि गुरुवारचं शाकाहारी ताट सारखं नसतं.

किनवा हे परदेशी धान्य, बदामाचं दूध यांवर तास घालवू नका. नाचणी, कुळीथ, बांगडा समोर आहेत.

जुलैच्या आहारतक्त्यात ताजी सुरमई दिसली, तर तक्ता परत करा. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. तेव्हा घरोघरी सुकट, सोडे, कुळथाची पिठी चालते. मात्र ‘सुकं म्हणजे खारट’ असं सरसकट लिहू देऊ नका: बोंबील आणि जवळा बहुधा नुसत्या उन्हात वाळवतात, खाऱ्या बांगड्याला मीठ लावतात. आणि 100 ग्रॅम सुक्या बोंबलाची तुलना 100 ग्रॅम ताज्याशी नको. प्रत्यक्ष खाल्ल्या जाणाऱ्या वाढणीशी करा.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या हर्णै बंदरावर मासळीच्या लिलावाला मुलांना नेताना प्रत्येकाच्या हातात फूटपट्टी द्या. राज्याने 2023 मध्ये माशांच्या 54 प्रजातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला. पापलेटसाठी तो 135 मिमी आहे. टोपलीला हात लावण्याआधी कोळणीला विचारायला सांगा.