जुन्या ट्रॅक्टरला वापरलेला बेलर जोडताना: आधी क्लच बघा

गवत-पेंढ्याचे गठ्ठे बांधणारा वापरलेला बेलर घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: किती एचपी लागेल? सांगणाराही एक आकडा सांगून मोकळा होतो. जुन्या ट्रॅक्टरच्या बाबतीत हा सल्ला अर्धवट आहे आणि धोक्याचाही. एचपी पुरेसे असूनही जोडी फसलेली मी पाहिली आहे, तीही माझ्याच शेतात. आधी विचारायचं ते हे: क्लच दाबला की पीटीओचं, म्हणजे मागच्या यंत्राला ताकद देणाऱ्या ट्रॅक्टरच्या फिरत्या शाफ्टचं, काय होतं?

तरी एचपीचं एकदा उरकून टाकू. छोटे चौकोनी गठ्ठे बांधणाऱ्या बेलरला पीटीओवर ३५ एचपी मिळाले तर सपाट रानात काम निभतं. मागे ट्रॉली ओढायची असेल किंवा चढ-उतार असेल तर त्याहून जास्त हवेत. चार फुटी गोल बेलरला ४५ ते ५० धरा. बॉनेटवर लिहिलेले एचपी इंजिनचे असतात. पीटीओपर्यंत येताना त्यातले दहा-पंधरा टक्के गळतात, इंजिन झिजलेलं असेल तर आणखी. एचपीपेक्षा वजनाकडे जास्त लक्ष द्या. चौकोनी बेलरचा प्लंजर (गवत दाबणारा दट्ट्या) मिनिटाला ऐंशीच्या आसपास ठोके मारतो आणि हलका ट्रॅक्टर प्रत्येक ठोक्याला हिसके खातो. उतारावर तर बेलर ओढण्यापेक्षा थोपवणं अवघड असतं.

आता क्लच. पीटीओला काहीही न जोडता, गिअर न्यूट्रलला ठेवून, मंद रेसवर पीटीओ चालू करा. एकाला लांब उभं राहून शाफ्टवर नजर ठेवायला सांगा आणि पेडल हळूहळू दाबत जा. पेडल थोडं दाबताच शाफ्ट थांबायला लागला तर सिंगल क्लच. अर्ध्यापर्यंत फिरत राहिला आणि पेडल तळाला टेकल्यावरच थांबला तर ड्युअल, म्हणजे दोन टप्प्यांचा. तळाला टेकूनही फिरतच राहिला तर पीटीओचा क्लच स्वतंत्र आहे, आणि पुढचे तीन परिच्छेद सोडले तरी चालतील. मोकळा शाफ्ट क्लच सुटल्यावरही क्षणभर रेंगाळतो, त्याने फसू नका. फर्ग्युसन टीई-२० किंवा फोर्ड ८एन यांसारखे जुने ट्रॅक्टर सिंगल क्लचचे आहेत.

सिंगल क्लचमध्ये पीटीओ गिअरबॉक्समधूनच फिरतो. क्लच दाबला की इंजिन सुटतं, पण गिअर पडलेला असतो तोवर चाकं आणि पीटीओ एकमेकांना बांधलेलेच राहतात. बेलरला फ्लायव्हील, म्हणजे वेग साठवून ठेवणारं जड चाक, असतं. ते फिरत राहतं, उलट्या वाटेने गिअरबॉक्सला फिरवतं आणि गिअरबॉक्स चाकांना. माझ्या पहिल्या हंगामात ओळीच्या टोकाला मी क्लच दाबला, ब्रेक दाबला, आणि ट्रॅक्टर पुढेच जात राहिला. कुंपणाचे दोन खांब घेऊन थांबला. त्या दिवशी तिथे खांब होते, माणूस नव्हता. बेलर विकणाऱ्याने यातलं अवाक्षर काढलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. म्हणून हात जोडून सांगतो: सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरला ओव्हररनिंग क्लच बसवल्याशिवाय बेलर जोडू नका. एका गठ्ठ्यापुरताही नाही.

हा तुकडा सायकलच्या फ्रीव्हीलसारखा असतो: ट्रॅक्टर बेलरला फिरवू शकतो, बेलर ट्रॅक्टरला नाही. तो पीटीओच्या शाफ्टवर चढतो. घेताना स्प्लाइन (शाफ्टवरचे उभे दाते) मोजा. ५४० आरपीएमचा नेहमीचा शाफ्ट सहा स्प्लाइनचा आणि ३५ मिमी जाडीचा असतो, पण वर सांगितलेल्या दोन्ही ट्रॅक्टरांसारख्या जुन्या यंत्रांवर साधारण २८.५ मिमीचा सापडतो. त्यासाठी मापं बदलणारा ओव्हररनिंग क्लच मिळतो. बसवण्याआधी तो हाताने फिरवून बघा. एका बाजूने मोकळा फिरला आणि दुसऱ्या बाजूने घट्ट धरला तरच चांगला. जाम झालेला तुकडा नसल्यातच जमा, उलट त्याच्या भरवशावर माणूस गाफील राहतो. तो ट्रॅक्टरच्या पीटीओ गार्डच्या बाहेर डोकावतो, त्यामुळे त्यावर वेगळं आवरण लागतंच.

ढकलणं थांबलं तरी सिंगल क्लचची दुसरी अडचण उरते. गवताची ओळ एखाद्या जागी जाड आली की ट्रॅक्टर थांबवून बेलरला चघळायला वेळ द्यावासा वाटतो. पण क्लच दाबला की बेलरची ताकदही जाते, आणि नेमका तेव्हाच तो तुंबतो. यावर माझी रीत अशी: सगळ्यात खालचा गिअर, रेस पूर्ण, आणि जाड ढीग पिकअपपर्यंत (बेलरच्या गवत उचलणाऱ्या भागापर्यंत) पोहोचायच्या आत क्लच दाबून गिअर न्यूट्रलला, लगेच क्लच सोडायचा. ट्रॅक्टर उभा, बेलर चालू. ढीग दिसल्यावर विचार करत बसलात तर उशीर झालेला असतो. त्यापेक्षा ओळीच बारीक ओढा. "गवत जाड असेल तर रेस कमी करा" असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. फ्लायव्हीलमधली ऊर्जा वेगाच्या वर्गाने घटते. पीटीओ ५४० वरून ४०० वर आणला की ती निम्म्याहून थोडीच जास्त उरते, आणि प्लंजर गवत कापताना तीच कामी येते.

आता पीटीओपासून बेलरपर्यंतच्या जोडशाफ्टची लांबी; हा शाफ्ट म्हणजे एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या. ओव्हररनिंग क्लचने ती काही इंच वाढते, आणि जुनाच शाफ्ट तसाच जोडला तर वळणावर दोन नळ्या एकमेकींच्या तळाला ठेचतात. मग पीटीओचं बेअरिंग तरी जातं नाहीतर बेलरचा गिअरबॉक्स. आधी ड्रॉबार (बेलर ओढायची पट्टी) बघा: ५४० च्या पीटीओला ट्रॅक्टरच्या शाफ्टच्या टोकापासून पिनच्या भोकापर्यंत आडवं अंतर १४ इंच, म्हणजे ३५६ मिमी, हे प्रमाण आहे. मग बेलर जोडून, इंजिन बंद ठेवून, सरळ, पूर्ण वळणावर आणि खोलगट जागी अशा तिन्ही स्थितींत शाफ्टचे दोन भाग शेजारी धरून मोजा. सगळ्यात जवळ येतात तिथे इंचभर जागा मोकळी राहायला हवी. सगळ्यात लांब जातात तिथे नळ्या किमान एक तृतीयांश एकमेकींत असल्या पाहिजेत. दोन्ही नळ्या आणि दोन्ही गार्ड सारखेच कापा, कडा कानशीने घासा, ग्रीस लावा.

गोल बेलर असेल तर मागचं दार उघडायला हायड्रॉलिकची डबल ॲक्टिंग (दोन्ही दिशांना तेलाचा दाब देणारी) जोडणी लागते की सिंगलवर भागतं, हे घ्यायच्या आधी विचारा. दोरा गुंडाळणारी यंत्रणा विजेवर चालणारी असेल तर १२ व्होल्ट लागतील. काही जुन्या ट्रॅक्टरांवर ६ असतात.

बेलर पारखताना फ्लायव्हीलचा शिअर बोल्ट (जास्त ताण आला की मुद्दाम तुटणारा बोल्ट) मी सगळ्यात आधी बघतो. तिथे पुस्तकात दिलेल्यापेक्षा कडक बोल्ट ठोकलेला दिसला तर आधीच्या मालकाकडे तो वरचेवर तुटत होता आणि त्याने कारण शोधलं नाही, असं समजा. असा बेलर मी घेत नाही. मग फ्लायव्हील हाताने फिरवत गाठ बांधण्याचं एक पूर्ण चक्र करून दोरा नेणाऱ्या सुया आणि प्लंजर एकमेकांना अडत नाहीत ना ते बघायचं.

शेतात बेलर तुंबला की पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात. ओव्हररनिंग क्लच लावल्यावर इंजिन बंद केल्यानंतरही फ्लायव्हील बराच वेळ फिरतं, त्यामुळे प्लंजर पूर्ण थांबलेला डोळ्यांनी दिसेपर्यंत खाली उतरलात तरी हात घालायचा नाही.

पहिले दहा गठ्ठे झाले की असंच सगळं थांबवून शाफ्ट उघडा. नळ्या कुठपर्यंत सरकल्या ते ग्रीसवरच्या खुणेवरून कळतं. खूण तळाला टेकलेली असेल तर दोन्ही नळ्या आणखी बोटभर कापायच्या.