घरातल्या, दुकानातल्या काचा पुसताय? साधनांच्या या चुका टाळा

काच पुसून झाली, समोरून चकचकीत दिसली, आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर तिच्यावर रेघाच रेघा उमटल्या. अशा वेळी बहुतेक जण लिक्विड बदलतात. आतल्या काचेवर मात्र दोष बहुधा वायपरच्या रबरात किंवा कापडात असतो. त्यात बाहेरच्या कामाची साधनं तशीच आत आणली जातात. बाहेर पाणी ओघळलं तर फारसं बिघडत नाही; आत ते खिडकीच्या ट्रॅकमध्ये, लाकडी चौकटीत, पडद्यावर नाहीतर शोकेसमधल्या मालावर उतरतं. म्हणून आतल्या कामाचं साधन निवडताना आधी बघायचं ते हे, की ते काचेवर किती पाणी सोडतं आणि त्यातलं किती परत उचलतं.

वायपर: दांडा बघून घेऊ नका, रबर बघा

हार्डवेअरच्या दुकानात काचेचा वायपर मागितला की बऱ्याचदा मागे स्पंज लावलेला प्लॅस्टिकचा वायपर हातात पडतो. त्याचं रबर जाड असतं आणि बदलता येत नाही. व्यावसायिक वायपरचे, म्हणजे स्क्वीजीचे, तीन भाग सुटे होतात: मूठ, धातूची पट्टी आणि रबर. खरं काम रबराची धारदार कड करते. ती झिजली की रबर काढून उलटं लावायचं, दुसरी कडही गेली की फक्त रबर नवं घ्यायचं. सुटं रबर मिळत नसेल तर तो वायपर घेऊच नका.

माप काचेवरून ठरवा. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या शोरूमच्या मोठ्या काचेला 14 इंची (35 सेंमी) पट्टी बरी. फ्लॅटमधल्या स्लायडिंगच्या अरुंद काचेला 10 इंची पुरते. पेठांमधल्या जुन्या घरांत खिडकीला आतून गज असतात. तिथे 14 इंची पट्टी फिरतच नाही. 6 इंची पट्टी घ्या, नाहीतर वायपरचा नाद सोडून कापडानेच पुसा.

रबर पट्टीच्या दोन्ही टोकांना 2 ते 3 मिमी बाहेर हवं. बरोबर कापलेलं रबर चौकटीच्या कडेपर्यंत पोचतं आणि धातू काचेला लागत नाही. साधनात काय बिघडलंय ते रेघच सांगते:

- प्रत्येक ओढीत रबराच्या त्याच जागी बारीक रेघ येते: तिथे कडेला खाच पडली आहे. रबर उलटं करा.
- रेघ फक्त टोकाला येते: रबर आखूड आहे किंवा पट्टीत सरकलं आहे.
- पूर्ण रुंदीत धुसर थर राहतो: कड गोल झाली आहे, किंवा साबण जास्त झाला आहे.
- वायपर करकरतो, उड्या मारतो: काच कोरडी पडली आहे, साबण कमी आहे, किंवा रबर कडक झालं आहे.

काम झाल्यावर वायपर रबरावर उभा ठेवू नका आणि उन्हात टाकू नका. कड वाकते, कडक होते.

ओढायच्या आधी काचेच्या वरच्या कडेला कापडाने 2-3 सेंमीची कोरडी पट्टी करून घ्या. तिथून सुरुवात केली की वरून थेंब ओघळत नाही. प्रत्येक ओढ आधीच्या ओढीवर सुमारे 5 सेंमी चढवा आणि दर ओढीनंतर रबर पुसा.

पाणी आणि साबण

5 लिटर पाण्याला भांड्यांचं लिक्विड अर्धा चहाचा चमचा पुरे. जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छता नव्हे. सुकल्यावर तोच थर धुरकट दिसतो. पाणी लावायला टी-बार (टी आकाराची मूठ) आणि त्यावर चढवायची मायक्रोफायबरची स्लीव्ह घ्या, आणि आत वापरताना ही स्लीव्ह थेंब गळणार नाही इतकी पिळा. बोअरचं पाणी असेल तरी घाबरायचं कारण नाही. पांढरे डाग पडतात ते थेंब जागेवर सुकल्यामुळे, म्हणून खालची कड आणि कोपरे लगेच कोरडे करा.

कापड: सगळ्यात दुर्लक्षित साधन

जुना बनियन आणि टॉवेल काचेवर धागे सोडतात. काचेसाठी आखूड लव असलेलं किंवा बारीक चौकड्यांच्या विणीचं मायक्रोफायबर घ्या, आणि कामं वाटून द्या: कडांना एक, खिडकीच्या कट्ट्याला दुसरं, शेवटच्या हाताला तिसरं, कायम कोरडं. ही कापडं सुती कपड्यांबरोबर धुऊ नका. सुताचे तंतू त्यांत अडकतात आणि काचेवर उतरतात. फॅब्रिक सॉफ्टनर तर अजिबात नको, त्याचा मेणचट थर थेट काचेवर येतो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात कापडं दोन दोन दिवस दमट राहतात, आणि दमट कापड पाणी उचलण्याऐवजी फिरवत बसतं. जून ते सप्टेंबर दुप्पट संच ठेवा आणि पंख्याखाली वाळवा.

ब्लेडचा स्क्रेपर

ऑफरचे स्टिकर, टेपचा गम, रंगाचे थेंब यांसाठी स्क्रेपर लागतो, आणि कायमचं नुकसानही तोच करतो. काच ओली हवी, ब्लेड नवं हवं, आणि तो एकाच दिशेला ढकलायचा. मागे ओढलात तर पात्याखाली अडकलेला कण काच ओरबाडतो. कोपऱ्यात शिक्का दिसला तर काच टफन, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेली, असू शकते. अशा काचेवर भट्टीत चिकटलेले सूक्ष्म कण असू शकतात आणि ब्लेड त्यांना घासत नेतं. तिथे आधी कोमट ओलं कापड दहा मिनिटं धरा, गमाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा. काचेवर चिकटवलेली फिल्म आणि ॲक्रिलिक (काचेसारखं दिसणारं प्लॅस्टिक) यांवर ब्लेड कधीच नको. ॲक्रिलिकला अल्कोहोल आणि अमोनियाही नको; बारीक तडे जातात.

स्प्रे थेट काचेवर

आरशावर स्प्रे मारला की तो खाली ओघळून कडेतून मागच्या थरात शिरतो आणि कडा काळ्या पडतात. स्प्रे कापडावर मारा. गुजरीतल्या दागिन्यांच्या शोकेससाठी हे आणखी महत्त्वाचं: मोत्यांना अमोनिया सोसत नाही, आणि कोल्हापुरी साजाच्या मण्यांत भरलेली लाख स्पिरिटमध्ये विरघळते. माल बाहेर काढूनच आतली बाजू पुसा.

उंच काचा आणि कट्टा

हात पोचत नाही तिथे दांड्याला वायपर लावला की पाणी दांड्यावरून कोपरापर्यंत येतं. आत त्याऐवजी दांड्याला मायक्रोफायबरचं सपाट पॅड लावा, त्रिकोणी असेल तर कोपरेही निघतात.

जुने पांढरे डाग काढायला सायट्रिक ॲसिड चालतं, पण खाली कट्टा कसला आहे ते आधी बघा. कडप्पा, कोटा आणि संगमरवर चुनखडीच्या जातीचे आहेत. आम्लाचा थेंब पडला की तिथली चमक जाते आणि ती पुसून परत येत नाही. कट्ट्यावर प्लॅस्टिक आणि त्यावर जाड टॉवेल अंथरा, आम्ल कापडाने फक्त डागावर लावा, आणि थेंब पडलाच तर लगेच साध्या पाण्याने धुऊन काढा.